धरण भरलंय, मग नळाला करंगळीएवढी धार का? वाढत्या कोल्हापूरच्या पाण्याचा ३० वर्षांचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की २०२३ च्या दिवाळीत दूधगंगा नदीवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापुरात आलं, धरणात पाणी आहे, तरी शहराच्या कडेच्या सोसायट्यांत नळाला धड दाब का नाही, आणि अजून ३० वर्षांनी शहर वाढलं की परत नवीन धरण शोधत फिरायचं का. मी मूळचा कोल्हापूरचाच, नोकरी सगळी पाणीपुरवठ्याच्या योजनांत गेली, छोट्या नगरपालिकांपासून मोठ्या शहरांपर्यंत, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो, नवीन धरण लागणार नाही. आपल्याकडं पाणी कमी नाहीये, धरणातून निघालेलं पाणी शेवटच्या नळापर्यंत किती पोचलं हे मोजायची सवय कमी आहे, आणि ३० वर्षांचं नियोजन खरं म्हणजे त्या मोजण्यापासून सुरू होतं.

पहिलं काम म्हणजे माणसं मोजणं, आणि इथंच निम्म्या योजना चुकतात. जनगणनेचे आकडे घ्या, महापालिका हद्दीत १९९१ ला ४,०६,३७० माणसं, २००१ ला ४,९३,१६७ आणि २०११ ला ५,४९,२३६. आता यावरून २०४१ चा अंदाज काढायच्या तीन पद्धती आम्ही कॉलेजात शिकलो. दर दहा वर्षाला सरासरी जेवढी माणसं वाढली तेवढीच पुढं वाढतील असं धरलं तर ७ लाख ६३ हजार येतात. टक्केवारीनं वाढवत नेलं तर ८ लाख ४८ हजार. आणि तिसरी पद्धत, ज्यात वाढीचा वेग कमी होतोय हे पण धरतात, तिच्यानं फक्त ५ लाख ७९ हजार. बघा म्हणजे, आकडे तेच, शहर तेच, आणि उत्तरात पावणेतीन लाख माणसांचा फरक!

नवीन इंजिनियर असला की तो तिन्हीची सरासरी काढतो आणि मोकळा होतो. पण आधी हे विचारायला पाहिजे की २००१ ते २०११ मध्ये वाढ मंदावली का. कोल्हापुरात लोक यायचे थांबले म्हणून नव्हे. महापालिका झाली १९७२ ला, हद्द तेव्हापासून तीच, साधारण ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि शहर त्या रेषेच्या बाहेर वाढतंय. पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, शिंगणापूरच्या बाजूला बघा, रिंग रोडच्या पलीकडं बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, त्या माणसांची नोंद वेगळ्या गावात होते पण ती पोरांना शाळेत शहरात सोडतात, नोकरी शहरात करतात आणि त्यांचं सांडपाणी शेवटी पंचगंगेलाच येतं. हद्दवाढ व्हावी का नको हा वाद मी इथं काढत नाही, पण पाइपला हद्द कळत नाही. पाण्याचं नियोजन करताना महापालिका आणि भोवतालची गावं एकच शहर धरूनच आकडेमोड करावी लागते, मग पैसे कुणी किती द्यायचे ते नंतर बसून ठरवा.

आता माणसांवरून पाण्यावर येऊ. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरायचं हा केंद्राच्या मॅन्युअलचा नियम, आणि वाटेतली गळती १५ टक्क्यांच्या आत ठेवायची. ७ लाख ६३ हजार माणसांना नळावर साधारण १० कोटी ३० लाख लिटर लागतं. १५ टक्के गळती धरली तर शुद्धीकरण केंद्रातून दिवसाला १२ कोटी १० लाख लिटर सोडायला लागतं, आम्ही त्याला १२१ एमएलडी म्हणतो, एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. आणि समजा गळती आणि हिशेबाबाहेरचं पाणी ४० टक्के असेल, तर त्याच माणसांसाठी १७२ एमएलडी. मधला ५१ एमएलडीचा फरक म्हणजे पावणेचार लाख माणसांचं पाणी, जे शुद्ध केलं, तुरटी घातली, क्लोरिन घातलं, वीज जाळून वर चढवलं आणि मातीत गेलं.

आणि धरणाच्या बाजूनं बघा. भोवतालची गावं धरून १२ लाख माणसं झाली असं समजा, गळती आटोक्यात ठेवली तर वर्षाला अडीच टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आसपास पाणी पुरतं. काळम्मावाडी धरण पंचवीस टीएमसीच्या वरचं. त्यातलं कर्नाटकाचं ४ टीएमसी आहे, बाकीच्यावर शेती उभी आहे, हे सगळं मान्य, पण राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा नंबर पहिला आहे, आणि ही गरज धरणाच्या दहाव्या हिश्श्याएवढी आहे. पाइपचं पण तसंच. १८०० मिलिमीटरचा पाइप आहे, त्यातून सेकंदाला एक मीटर या वेगानं पाणी गेलं तरी दिवसाला २२ कोटी लिटर होतं. म्हणून म्हटलं धरणाकडं बघत बसू नका, शहराच्या आत बघा.

आत काय असतं ते एका गावातल्या अनुभवावरून सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. योजनेचा आराखडा करायला गेलो होतो, ऑफिसातला नकाशा मागितला तर एक पिवळा पडलेला कागद मिळाला, त्यावर दाखवलेले निम्मे व्हॉल्व्ह रस्त्याच्या डांबराखाली गेलेले. गाव चालत होतं एका चावीवाल्याच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर. पहाटे साडेतीनला ते सायकलच्या दांडीला टी आकाराची चावी बांधून निघायचे, मी मागं वही घेऊन. एका चेंबरपाशी थांबले, झाकण सरकवलं, चावी बसवली आणि आटे मोजायला लागले. मला म्हणाले, "साहेब, हा चौदा आट्याचा हाय, पण अकरावर थांबायचं. बारावा दिला की खालच्या गल्लीत पाणी उड्या मारतंय आन वर शाळेकडं थेंब जात न्हाई." पुढच्या चौकातला व्हॉल्व्ह उलटा बसवलेला, डावीकडं फिरवला की बंद होणारा. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी ते रिटायर होणार होते. अकरा पहाटा त्यांच्या मागं फिरून मी १४० व्हॉल्व्ह वहीत उतरवले, कुठं आहे, किती आट्याचा, कितीवर थांबायचं, कुणाच्या पायरीपासून किती पावलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगी काम कुठलं म्हणाल तर ते. पुढं त्याच गावात कॉम्प्युटरवर मॉडेल केलं ते त्या वहीवरून, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये काय भरणार होतो आम्ही?

त्याच गावात रात्रीची टेस्ट पण घेतली होती. घरोघरच्या टाक्या आधी भरू दिल्या, रात्री १ वाजता उंच टाकीत येणारं पाणी बंद केलं, गावाकडं जाणारा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला आणि आतल्या भिंतीवर खडूनं खूण केली. ४ वाजता बॅटरी मारून बघितलं तर पाणी खुणेपासून ४५ सेंटिमीटर खाली. टाकी १६ मीटर व्यासाची, म्हणजे तीन तासात ९० हजार लिटर गेलं, गाव झोपलेलं असताना. मग लोखंडी सळी पाइपला लावून तिचं वरचं टोक कानाला लावून गल्लीगल्लीत फिरायचं. चालू नळाचा आवाज घरघरता असतो, कमीजास्त होतो, गळतीचा आवाज मात्र बारीक सुस्कारा, एकसारखा, थांबतच नाही. एक मोठी गळती गटाराच्या भिंतीतून सरळ गटारात पडत होती, वर रस्ता कोरडा ठणठणीत, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळलीच नव्हती. आता यासाठी चांगली इलेक्ट्रॉनिक यंत्रं मिळतात, फ्लो मीटर बसवून ऑफिसात बसून पण दिसतं, पण पद्धत तीच, एक भाग वेगळा काढायचा, त्यात किती शिरलं आणि किती बिलात आलं ते दर महिन्याला ताडून बघायचं.

तुमच्या कमी दाबाचं मूळ पण इथंच आहे. पाणी दोन तासच येणार हे एकदा कळलं की प्रत्येक जण त्या दोन तासात दिवसाचं सगळं पाणी भरायला बघतो. पाइप डिझाइन करताना मोठ्या शहरात सरासरीच्या दुप्पट गर्दीचा हिशेब धरतात, तो २४ तास पाणी असेल तर बरोबर आहे. दोन तासात दिवसाचं पाणी न्यायचं म्हटलं की सरासरीच्या बारापट ओढ लागते, मग टाकीजवळची घरं पिंप भरून अंगण धुतात आणि कडेच्या उंचवट्यावरच्या सोसायटीत नळ नुसता फुसफुसतो. मग तिथले लोक मोटर लावून ओढतात, त्यांना तरी काय म्हणणार, पण एकानं ओढलं की शेजाऱ्याला पण लावायलाच लागते. आणि पाणी गेल्यावर रिकाम्या पाइपात पोकळी तयार होते, जिथं जोड सैल आहे आणि शेजारनं गटार चाललंय तिथनं घाण आत ओढली जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला काविळीचे, गॅस्ट्रोचे पेशंट एकाच गल्लीत का सापडतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलंच निघालेलं असतं. मीटरची तक्रार पण त्यातलीच, पाणी यायच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडताना काटा फिरतो आणि लोक म्हणतात हवेचं बिल आलं, त्यांचं खोटं नसतं.

म्हणून २४ तास पाणी ही चैन आहे असं जे म्हणतात ते मला पटत नाही. पाइप कायम भरलेला राहिला तर घाण शिरत नाही, लोक साठवून दुसऱ्या दिवशी ओतून देत नाहीत, आणि गळती दिसते. पण हे सगळ्या शहरात एकदम करायला गेलं की फसतं. एक उंच टाकी, तिच्याखालचा एवढाच भाग, तो बाकीच्यापासून वेगळा करायचा, मीटर लावायचे, गळती काढायची, तो व्यवस्थित चालला की मग पुढची टाकी. पाच-सात वर्षं लागतात याला, आणि उद्घाटनाला काही दिसत नाही, जमिनीखालचं काम. धरणाचं पाणी आलं की वाजतगाजत येतं, गुलाल उधळतो, ते बरोबरच आहे, लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत. पण त्याच्यापेक्षा जास्त पाणी व्हॉल्व्हच्या वहीत सापडतं हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता दुसरी गोष्ट, जी कोल्हापूरकरांनी स्वतः भोगलीय. २०१९ चा ऑगस्ट आठवा, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली, धोक्याची पातळी ४३. नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेली, मोटरी आणि पॅनेल बुडाले, आणि चारी बाजूंनी पाणी असलेल्या शहरात प्यायला पाणी नाही अशी वेळ आली, लोक टँकरमागं कळशी घेऊन पळत होते. दोनच वर्षांनी २०२१ ला परत ५५ च्या वर. म्हणजे २००५ ची पूररेषा धरून जे पॅनेल उंचावर बसवले असतील ते पण आता पुरे नाहीत. पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर हे शेवटच्या मोठ्या पुराच्या वर चांगला माणूसभर अंतर ठेवून बसवायचे, त्याला जादा खर्च येतो तो एका पुराच्या दुरुस्तीपेक्षा कमीच असतो.

काळम्मावाडीच्या लाइननं पुराचा हा धोका बराच कमी केला, धरणातून उचललेलं पाणी आहे, खालच्या नदीची घाण पण त्यात नाही. पण म्हणून नदीवरची बालिंगा, शिंगणापूरची केंद्रं मोडीत काढावीत असं कुणी म्हणालं तर ठाम विरोध करा. ५० किलोमीटरच्या वरची एकच लाइन, एक वीजपुरवठा, वादळात झाड तारेवर पडलं, कुठं जोड निसटला, तर शहराच्या टाक्यांत जेमतेम एका दिवसाचं पाणी असतं. माझा नियम असा की मुख्य स्रोत बंद पडला तरी निम्मं पाणी दुसऱ्या वाटेनं सात दिवस देता आलं पाहिजे. त्यासाठी जुने पंप महिन्यातून एकदा तरी चालवायचे, नुसते तेल लावून ठेवलेले पंप गरजेला चालू होत नाहीत.

जुनी माणसं याबाबतीत हुशार होती. एकोणिसाव्या शतकात कात्यायनीच्या डोंगराकडचं पाणी कळंब्याच्या तलावात अडवून शहरात आणलं, पेठांत तळी होती, विहिरी होत्या. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हातात घेतलं तेव्हा ते आपल्या हयातीत पुरं होईल की नाही याची वाट बघितली नाही, भिंत अर्धवट राहिली, काम स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, आणि आज भोगावतीला उन्हाळ्यात पाणी असतं ते त्याच्या जिवावर. पायऱ्यापायऱ्यानं बांधणं याला म्हणतात. आम्ही पण योजनेत तेच करतो, जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आणि पाइप ३० वर्षांच्या हिशेबानं, पण पंप-मोटरी १५ वर्षांच्या, आणि जॅकवेलमध्ये पुढच्या पंपाचा चबुतरा आत्ताच बांधून रिकामा ठेवायचा. शुद्धीकरण केंद्राशेजारची जागा पण आत्ताच घेऊन ठेवायची, १५ वर्षांनी तिथं प्लॉट पडलेले असतात.

विजेबद्दल थोडंच लिहितो. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला पंप-मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरून साधारण ०.४ युनिट जातं, म्हणजे १०० एमएलडीला दिवसाला ४० हजार युनिट. शहराच्या पाणीखात्याचा सगळ्यात मोठा खर्च पगार नाही, वीज असते. ४० टक्के गळती असेल तर नळावर पोचलेल्या हजार लिटरमागं ०.४ नाही, ०.६७ युनिट पडतं. पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की हा आकडा मागा.

शेवटचा मुद्दा, आणि यावर आपल्याकडं सगळ्यात कमी बोललं जातं. शहरात जेवढं पाणी आणाल त्याच्या साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादानं सुद्धा शहरांनी उचललेल्या पाण्यातलं फक्त २० टक्केच वापरलं असं धरलंय, बाकीचं नदीत परत जातं या हिशेबानं. परत जातं हे खरं, पण कसं जातं? १५० एमएलडी आणलं की १२० एमएलडी सांडपाणी. आपल्याकडं कसबा बावड्याला ७६ आणि दुधाळीला १७ एमएलडीची केंद्रं आहेत, मिळून ९३. म्हणजे पाणी वाढवायच्या प्रत्येक आराखड्यात सांडपाणी केंद्राचा खर्च त्याच पानावर पाहिजे, वेगळ्या फाइलीत नको, वेगळ्या फाइली दहा वर्षं मागं पडतात. जयंती नाल्यातून जे पंचगंगेत जातं ते खाली इचलकरंजीच्या, शिरोळच्या माणसांपुढं जातं. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली, माणसं दगावली, हे विसरायची गोष्ट नाही. आज त्या शहराला दूधगंगेवरून सुळकूडची योजना पाहिजे आणि कागलकडच्या गावांचा तिला विरोध आहे, शेतकऱ्याला भीती की उन्हाळ्यात उपसाबंदी आपल्यावरच येणार. दोन्ही बाजूची माणसं आपलीच आहेत. पंचगंगा नीट असती तर हे भांडण एवढं पेटलंच नसतं, आणि ती नीट ठेवायची पहिली जबाबदारी वरच्या शहराची, म्हणजे आपली.

आता तुमच्या सोसायटीपुरतं. प्लंबिंगच्या दुकानात प्रेशर गेज मिळतं, ते तळमजल्यावरच्या, सरळ लाइनच्या नळाला लावा, टाकीनंतरच्या नको. पंधरा दिवस वहीत लिहा, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, पहिल्या दहा मिनिटांनी आणि मध्यावर काटा कितीवर होता. एकमजली घराला ०.७ किलो, दुमजलीला १.२ किलो (चौरस सेंटिमीटरला) एवढा दाब लाइनला पाहिजे. त्या पंधरा दिवसात सोसायटीची ओढणारी मोटर बंद ठेवा, नाहीतर आकडे खोटे येतील. शेजारच्या दोन सोसायट्यांना पण सांगा, एक टाकीकडची आणि एक शेवटची. तीन वह्या शेजारी ठेवल्या की दाब नेमका कुठल्या चौकानंतर पडतो ते दिसेल, तिथं एकतर अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असतो नाहीतर बारीक जुना पाइप. त्या वह्या घेऊन वॉर्डच्या कनिष्ठ अभियंत्याकडं जा, नुसता अर्ज घेऊन जाऊ नका, आणि जाताना तुमच्या भागातल्या चावीवाल्याला बरोबर घ्या.